मोटार भरणारा आणि डेटाबेसवाला

दुकान उघडून अर्धा तास झाला तरी एक बिल निघेना. महाळुंगे पडवळमधलं माझ्या मावसभावाचं कृषी सेवा केंद्र. कांदा लागवडीचे दिवस, काउंटरवर सात-आठ माणसं. कुणाला करप्याचं औषध हवं, कुणाला आपली उधारी बघायची. आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय.

दुकानाचा हिशेब ईआरपीनेक्स्टवर आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. घ्यायला, वापरायला, बदलायला पैसे पडत नाहीत. सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीत बियाण्याच्या पोत्यांशेजारचा जुना संगणक. भावाने पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

“दादा, कशाला हात लावू नका. बंद करून चालूही करू नका.”

तिकडून तो आत शिरला. पहिल्याच कमांडला उत्तर आलं: डिस्क 100 टक्के भरलेली. फुगल्या होत्या त्या मारियाडीबी डेटाबेसच्या बायनरी लॉग फायली. प्रत्येक बदल त्यांत नोंदला जातो, आणि जुन्या फायली आपोआप जाव्यात अशी मुदत कुणी घातलीच नव्हती. मला वाटलं, निवडायच्या नि उडवायच्या. “नाही हो. डेटाबेसकडे या फायलींची यादी असते. हाताने काढल्या की यादी एक सांगणार आणि डिस्कवर दुसरंच असणार. त्यालाच सांगायचं, अमुक तारखेआधीच्या काढ.” आधी त्याने बाहेर ठेवलेला बॅकअप तपासला, मग जुने लॉग काढले, पुढच्यासाठी 10 दिवसांची मुदत घातली. 25 मिनिटांनी पहिलं बिल छापलं.

या देखभालीचे इंजिनिअरला वर्षाला 18 हजार. आमच्या काकांना ते खुपतं. फुकटच्या वस्तूला पैसे कसले?

पण विहिरीचं पाणीही फुकटच. मोटार जळाली की आपण मंचरला भरायला टाकतो आणि तिथे काका घासाघीस करत नाहीत, कारण पिकाला पाणी उद्याच हवं असतं. मला तर बलुतं आठवतं. त्यातली सक्ती नि अपमान गेला ते उत्तमच झालं. पण फाळ मोडो न मोडो, लोहाराचा वाटा खळ्यावर ठरलेला असायचा, ही समज मोलाची होती. रेड हॅट कंपनी मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल विकूनच मोठी झाली. 2019 साली आयबीएमने ती 34 अब्ज डॉलरला घेतली. ग्राहक पैसे मोजत होते ते बिघाड झाल्यावर फोन उचलणाऱ्या जाणत्या माणसासाठी.

दर तीन महिन्यांनी तो इंजिनिअर बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून बघतो. उतरला की फोन करतो आणि शेवटच्या बिलाचा नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम वाचून दाखवतो. भाऊ खिळ्याला टोचलेल्या स्थळप्रती चाळतो, ती नेमकी प्रत काढतो, रकमेवर बोट ठेवतो.

“बरोबर,” म्हणतो. “आता त्याच्या आधीचं सांगा.”