विमानवाहू नौकेचा सुटा भाग भुसावळात बनेल का?

अमेरिकेच्या विमानवाहू नौका अणुऊर्जेवर चालतात. आपली ‘विक्रांत’ गॅस टर्बाइनवर. 2022 मध्ये नौदलात आलेल्या या 262 मीटर लांब नौकेत 76 टक्के सामान देशी आहे. शंभरावर लघुउद्योगांचा त्यात हात आहे. मग आपण का नाही?

पण लगेच कर्ज काढून सीएनसी मशीन घेऊ नका! आधी मोफत उद्यम नोंदणी करा. ‘सृजन’ पोर्टलवर आयात होणाऱ्या भागांची यादी बघा. आपल्या लेथवर जमेल असा एकच भाग निवडा. मटेरियल, तपासणी आणि बिल निघेपर्यंतचा खर्च कागदावर मांडा.

सुरुवात गावातूनच करा. भुसावळात रेल्वेचं इंजिन वर्कशॉप आहे, आयुध निर्माणी आहे. रेल्वेची टेंडरं ‘आयआरईपीएस’वर निघतात. आधी ऑर्डर हातात, मगच मशीन दारात!