नंबर तपासला, पडदा राहिला

‘आत्ताच चष्मा केला आणि पुन्हा नंबर बदलला,’ ही तक्रार डोळ्यांच्या दवाखान्यात नेहमीची. माणूस पन्नाशीच्या आसपासचा असेल, तर जाणता तपासनीस आधी विचारतो, शुगर कधी बघितली होती? रक्तातली साखर वाढली की डोळ्याच्या भिंगातही ग्लुकोज शिरतं. तिथं त्याचं सॉर्बिटॉल होतं, ते पाणी ओढून घेतं, भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. औषधं सुरू होऊन साखर उतरली की काही आठवड्यांत तो पुन्हा सरकतो. म्हणून साखर स्थिरावेपर्यंत नवा चष्मा करायचा नाही. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे कळतं ते इथंच.

पण नंबराचं दुखणं किरकोळ. खरी झीज मागे, पडद्यावर होते. औषधाचे थेंब टाकून बाहुली मोठी केली की डॉक्टरांना तिथं टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. कमकुवत झालेल्या केशवाहिन्यांना आलेले हे फुगवटे. शेजारी गळतीतून साठलेले पिवळसर कण. हे सगळं असताना रुग्ण तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचत असतो! दुखत नाही, लाली नाही, पाणी नाही. पुढे रक्तपुरवठा तुटलेला पडदा नव्या वाहिन्या मागवतो. त्या इतक्या नाजूक असतात, की एखाद्या सकाळी फुटतात आणि डोळ्यापुढे काळी जाळी उतरते. रुग्ण धावत येतो तो तेव्हा. ‘मला नीट दिसतंय’ या एका वाक्यानं आपल्याकडे फार डोळे घालवले आहेत, आणि याचा राग येतो, कारण उपाय कधीचा हाताशी आहे.

लेसरनं दृष्टी गंभीररीत्या जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनं 1976 मध्येच दाखवलं. मध्यभागाला सूज आली तर आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. मात्र लेसर उरलेलं राखतो. गेलेलं सहसा परत आणत नाही.

इंग्लंडनं 2003 पासून मधुमेहींच्या पडद्याचे फोटो नियमित काढण्याची देशव्यापी योजना उभारली. 2009-10 च्या नोंदींत, किमान पाच दशकांत पहिल्यांदाच, कमावत्या वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेही पडदा राहिला नव्हता. साखरेवरचं नियंत्रण सुधारलं, त्याचाही त्यात वाटा असणार. आपल्याकडे आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालानुसार 10 कोटींवर मधुमेही आहेत. एवढ्यांना नेत्रतज्ज्ञ पुरणार नाहीत. कॅमेरा शुगरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर नियम साधा. टाइप 2 असेल तर निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा, मग दरवर्षी. टाइप 1 मध्ये पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत. मधुमेही बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत, कारण गरोदरपणात पडदा झपाट्यानं बिघडू शकतो. थेंबांनी काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. त्या दिवशी दुचाकी घरी ठेवा, कुणाला तरी सोबत न्या. निघताना डॉक्टरांना विचारा, पडदा कुठल्या टप्प्यावर आहे आणि पुन्हा कधी यायचं. उत्तर शुगरच्या फाइलमध्ये लिहून घ्या.