जुन्या मोटारीची चोरटी हवा

कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांशी बोलताना दोन विषय हमखास निघतात, हिमवर्षाव आणि मोटार. तेथे अनेक गावांत अंतरे मोठी आणि थंडी कडक, त्यामुळे मोटार ही चैन राहत नाही. नव्याने गेलेले कुटुंब बहुधा जुनीच गाडी घेते, आणि जुन्या गाडीला जडणारा एक आजार असा आहे की त्याच्या नावाने भलतेच सुटे भाग बदलले जातात. इंजिनात नको त्या वाटेने हवा शिरणे, हा तो आजार. इंग्रजी जाणणारे त्याला व्हॅक्यूम लीक म्हणतात.

उसाचा रस नळीने पिताना नळीला बारीक भोक असले तर काय होते, हे आपल्या बेटावरच्या मुलांना सांगावे लागत नाही. ओढ लावावी तर रसाऐवजी हवाच तोंडात येते. इंजिनाचेही तसेच आहे. दट्ट्या खाली जाताना हवा ओढतो, पण गाडी जागेवर उभी असताना हवेची मुख्य झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे आतल्या नळकांड्यात, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, दाब खूप उतरतो. १६४३ साली टॉरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दाखवला. तो समुद्रसपाटीला सुमारे ३० इंच पारा भरतो. धडधाकट इंजिन जागेवर चालताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १७ ते २१ इंचांनी कमी असतो. एवढी ओढ असल्यावर रबरी नळीला पडलेली केसाएवढी चीरही बाहेरची हवा आत घेते.

पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. चोरून शिरलेल्या हवेचा हिशेब कार्ब्युरेटरकडे नसतो, की हवा मोजणाऱ्या यंत्राकडे नसतो. मिश्रण विरळ होते, ठिणगी पडूनही एखादा सिलिंडर पेटत नाही आणि गाडी थरथरते. काही गाड्यांत हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. त्या गाड्या थरथरण्याऐवजी उगीचच जोरात फिरत राहतात. दोन्ही प्रकारांत खूण एकच. तक्रार जागेवर उभे असताना असते, हमरस्त्याला लागल्यावर नाहीशी होते. वेगात इंजिन इतकी हवा घेते की चोरटा वाटा त्यात बुडून जातो. पेट्रोलचा पंप दुबळा असेल तर बहुधा याच्या उलट होते. गाडी सिग्नलला शांत उभी राहते आणि चढावर दम टाकते. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पैसे वाचतात.

एका वर्षी एप्रिलच्या सुटीत मी हॅलिफॅक्सला मावसभावाकडे गेले होते. त्याच्याकडे व्होल्वो २४० होती. या कंपनीचा कारखाना १९६३ साली हॅलिफॅक्सच्या शेजारी डार्टमथला सुरू झाला, पुढे हॅलिफॅक्समध्ये आला आणि १९९८ साली बंद पडला. म्हणून या गाडीबद्दल तिकडच्या लोकांना घरचा जिव्हाळा. भावाची गाडी सिग्नलला थरथरे, कधी बंद पडे. एका गॅरेजने पेट्रोलचा पंप बदलून दिला होता आणि आता इंजेक्टर बदलायचे म्हणत होते. मला खरी काळजी वाटली ती त्याच्या दुसऱ्याच वाक्याने. तो सहज म्हणाला, "ताई, हिवाळ्यापासून ब्रेकही जरा जड झालाय. उतारावर दोन्ही पायांचं बळ लावावं लागतं." हॅलिफॅक्सचे रस्ते बंदराकडे चांगलेच उतरतात, आणि त्याची दोन लहान मुले याच गाडीतून शाळेत जात.

ब्रेकच्या पेडलला मदत करणारा जो मोठा गोल डबा असतो, तो ब्रेक बूस्टर. तो मॅनिफोल्डच्या याच ओढीवर चालतो. म्हणून थरथर आणि जड ब्रेक ही दोन दुखणी एकत्र आली की पहिला संशय बूस्टरच्या नळीचा. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टरला ओढ मिळते आहे. आमचे पेडल दगडासारखे जागच्या जागी राहिले.

पुढचा तपास आम्ही अंगणात केला. बाहेर बोचरे गार होते, पण कॅनडात थंडीमुळे दार लावलेल्या गॅरेजात इंजिन चालू ठेवण्याची खोड जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रथम इंजिन चालू असताना तेल भरायच्या तोंडाचे झाकण उघडले. या गाडीत तसे केले की इंजिन अडखळायला हवे, कारण तीही एक गळतीच. ते फारसे अडखळले नाही, म्हणजे आत आधीच भरपूर हवा जात होती. मग हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे टोक एकेका सांध्यावरून फिरवले. पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून हात, पदर, केस दूर ठेवावेत हे वेगळे सांगायला नको. बूस्टरच्या नळीच्या वाकणाशी, खालच्या बाजूला, स्पष्ट फुसफुस ऐकू आली. तेथे बोट दाबताच इंजिनाचा सूर बसला. वरून पाहणाऱ्याला ती चीर दिसलीच नसती.

असे सरळ सापडले नाही तर नळ्या एकेक करून हलक्या चिमटीत धराव्यात. धरल्यावर सूर बदलला तर गळती त्या चिमटीच्या पलीकडे. मात्र कडाक्याच्या थंडीत जुने रबर चिमटीतच तडकते, तेव्हा इंजिन तापू द्यावे. सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारूनही कळते, पण विजेच्या तारा जपाव्यात. कित्येक जण कार्ब्युरेटर साफ करण्याचे रसायन फवारतात. ते ज्वालाग्राही आहे आणि धुराचा तापलेला नळ शेजारीच असतो, म्हणून घरी कोणी ते करू नये असे माझे मत आहे. चांगल्या गॅरेजात धूर सोडणारे यंत्र असते. मॅनिफोल्डमध्ये धूर भरला की चिरेतून तो आपोआप बाहेर येतो.

थंडी या रोगाला आणखी फसवे करते. अॅल्युमिनियम हे बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोन धातूंमधली गॅस्केट सकाळी गळते आणि इंजिन तापल्यावर बंद होते. उलट कार्ब्युरेटरच्या गाडीत सकाळी चोक जास्त पेट्रोल देतो, म्हणून गळती झाकली जाते आणि गाडी तापल्यावर थरथरू लागते. मिस्त्रीला गाडी दाखवताना ती केव्हा बिघडते हे नेमके सांगावे.

ओढ मोजणारे घड्याळ स्वस्त मिळते. त्याचा काटा स्थिर पण खाली राहिला तर गळतीचा संशय घ्यावा, जरी ठिणगी उशिरा पडत असली तरी तसेच दिसते. शिवाय दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करावा लागतो. कॅल्गरी सुमारे ३,४०० फुटांवर आहे, तेव्हा हॅलिफॅक्सला १९ दाखवणारे निरोगी इंजिन तेथे १६ च्या आतबाहेर दाखवील.

पूर्वी काही प्रांतांत हा दोष धुराच्या सक्तीच्या तपासणीत पकडला जाई, कारण न पेटलेले पेट्रोल धुरात उतरते. ब्रिटिश कोलंबियातली तपासणी १९९२ ते २०१४ चालली. ऑन्टॅरिओतली १९९९ साली सुरू झाली आणि खासगी मोटारींसाठी २०१९ साली थांबली. त्या प्रांतांत आता ही गळती मालकाच्या कानालाच ऐकू यावी लागते.

भावाने नळी त्याच दिवशी बदलली. दुकानात कोणतीही रबरी नळी घेऊन चालत नाही. पाण्याची किंवा पातळ भिंतीची नळी ओढीने आतून चिकटून बसते आणि ब्रेक पुन्हा जड होतो. बूस्टरसाठीच बनवलेली जाड नळी मागावी, आणि बूस्टरच्या तोंडाशी असलेली एकमार्गी झडप व तिचे रबरी कडे त्याच वेळी तपासावे. झडप ठीक असल्यास इंजिन बंद केल्यावरही पेडल निदान एकदा तरी मऊ दाबले जाते.