चाचा चतरसिंग आणि त्याचा पुतण्या

पंजाबी विनोदी नट जसविंदर भल्लांचा विनोद समजून घ्यायचा तर त्यांचे चित्रपट जरा बाजूला ठेवावेत आणि 'छणकाटा'च्या जुन्या ध्वनिफिती ऐकाव्यात. तिथे चेहरा नाही, हातवारे नाहीत, दोन आवाज तेवढे आहेत. एक गावरान म्हातारा चाचा चतरसिंग, दुसरा त्याचा पुतण्या. मला पंजाबी पूर्ण समजत नाही, तरी हे संवाद मी थांबवत, मागे नेत पुन्हा पुन्हा ऐकले आहेत.

पुतण्या साधाच प्रश्न विचारतो. चाचा त्यातलाच एखादा शब्द उचलतो, घोळवतो आणि बोलणं भलत्याच वाटेला नेतो. मग परदेशी गेलेली मुलं येतात, बेकार पदवीधर येतात, पुढाऱ्यांची आश्वासनं आणि नशापाणी येतं. मध्येच एखाद्या लोकप्रिय गाण्याचं विडंबन. पुतण्या म्हणजे बाल मुकुंद शर्मा. हशा चाचाच्या वाट्याला जातो, पण तो नेमका कुठे पडणार हे पुतण्याचा हुंकार ठरवतो. हुंकार किंचित लवकर आला असता तरी चाचाचं वाक्य वाया गेलं असतं. वगातल्या सोंगाड्याला समोर राजा लागतो, तसा चाचाला हा पुतण्या लागतो.

दोघेही लुधियान्याच्या पंजाब कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी. पहिली कॅसेट 1988 सालची. पंजाबात दहशतवादाचा काळ, दिवस मावळला की लोक दारं लावून घेत. अशा दिवसांत घरात बसून ऐकता येईल असं हसू या दोघांनी दिलं, याचं मोल मला फार वाटतं.

पुढच्याच वर्षी भल्ला त्याच विद्यापीठात शिकवू लागले आणि 2020 मध्ये विस्तार शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. विस्तार शिक्षण म्हणजे संशोधन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं' पाहिलेल्यांना हे काम सांगायला नको. शेतकरी भाषण ऐकून घेत नाही. त्याला आधी विचारू द्यावं लागतं आणि उत्तर त्याच्या कर्जाच्या, पाण्याच्या, बाजारभावाच्या हिशेबात द्यावं लागतं. भल्लांनी पोटासाठी नोकरी केली आणि हौस म्हणून विनोद, असं कुणी म्हटलं तर मला ते मुळीच पटणार नाही. चाचा-पुतण्याची रचना मला बांधावरच्या प्रश्नोत्तरांचीच वाटते.

चित्रपटांत ते जसपाल भट्टींच्या 'माहौल ठीक है'मध्ये (1999) दिसले. घराघरांत पोचले ते 'कॅरी ऑन जट्टा'मधल्या (2012) ॲडव्होकेट ढिल्लनमुळे. 22 ऑगस्ट 2025 रोजी मोहालीत, वयाच्या 65व्या वर्षी ते गेले, तेव्हा लोकांच्या ओठांवर ढिल्लनची पालुपदं होती. ती यमकात बांधलेली, म्हणीसारखी आखूड आहेत आणि ती म्हणताना भल्ला चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाहीत. फितींच्या सवयीने पाहताना मला तिथे पुतण्या सापडत नाही. समोर गिप्पी ग्रेवाल, बिन्नू ढिल्लन, गुरप्रीत घुग्गी असे तयारीचे नट आहेत. त्यांना आपापला हशा मिळवायचा आहे. थांबून विचारणारं कुणी नाही. म्हणूनच बहुधा भल्लांनी पालुपदं धरली: पहिल्या अर्ध्या ओळीत स्वतःच प्रश्न उभा करायचा आणि यमकाने स्वतःच तो मिटवायचा.