भारंगी

भारंगी (शास्त्रीय नाव: रोथेका सेराटा) ही लॅमिएसी, म्हणजेच तुळशी-पुदिन्याच्या कुळातील बहुवर्षायू झुडूपवजा वनस्पती आहे. पूर्वी क्लेरोडेंड्रम सेराटम या नावाने तिची गणना व्हर्बिनेसी कुळात होत असे. सध्याचे नाव तिला १९९८ मध्ये मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यात ती राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा इत्यादी तालुक्यांतील डोंगरउतारांवर व जंगलाच्या कडेने आढळते.

खोड चौकोनी असून पाने समोरासमोर किंवा तीन-तीनच्या मंडलात येतात. पानांच्या कडा करवतीसारख्या दंतुर असतात. ‘सेराटा’ हे नाव त्यावरूनच पडले. पावसाळ्यात शेंड्याला फुलोरा येतो. फुलाच्या चार पाकळ्या फिकट निळसर, तर खालची पाचवी गडद निळी-जांभळी असते. लांब, वाकडे पुंकेसर बाहेर डोकावत असल्याने फूल बसलेल्या फुलपाखरासारखे दिसते. पिकलेली फळे जांभळट काळी असतात.

पहिल्या पावसानंतर फुटणाऱ्या कोवळ्या पानांची रानभाजी करतात. भाजी कडू असल्याने पाने उकडून पाणी पिळून काढतात व मग ती कांदा-लसणाच्या फोडणीत परततात. फुलांचीही भाजी होते.

आयुर्वेदात खोकला व दमा यांवर भारंगमूळ वापरतात. पाला खुडल्यास झुडूप पुन्हा फुटते, परंतु मुळासाठी ते समूळ खणावे लागते. त्यामुळे भाजीपेक्षा औषधी मागणीचाच ताण रानातील भारंगीवर अधिक पडतो. बिया व छाट कलमांपासून तिची लागवड करता येते.