सौरविजेचा पहिला हिशेब

मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत सूर्य हा जणू घरचाच गडी होता. पापड, कुरडया, सांडगे, लाल मिरच्या ही सारी वाळवणे त्याच्याच भरवशावर होत. हैदराबादेस येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांनी दिलसुखनगरच्या सिमेंटच्या गच्चीवरही ही रीत सोडली नाही. आता त्याच गच्चीवर त्याच सूर्याकडून वीज करून घेण्याची सोय झाली आहे आणि “बिल शून्य करून देतो” असे म्हणणारे विक्रेते दाराशी येऊ लागले आहेत. या एका वाक्यावर भुलून जो कर्ज काढतो तो फसण्याचा संभव असतो. आणि जो या वाक्यामुळे साऱ्या प्रकारालाच थोतांड समजतो, तोही एका चांगल्या संधीस मुकतो. दोघांनीही आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. तो हिशेब कसा मांडावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

प्रथम ही वीज होते कशी, ते पाहू. प्रकाशापासून विद्युत्प्रवाह निर्माण होऊ शकतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल याने १८३९ साली दाखवून दिले. परंतु उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्या वेळी पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज होत असे. आजच्या पॅनेलांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेले आहे. पॅनेलातून निघणारा प्रवाह एकदिश असतो. इन्व्हर्टर त्याचे रूपांतर घरातील पंख्या-दिव्यांना चालेल अशा प्रवाहात करतो. पाणी तापविणारा सोलर बंब ही वस्तू निराळी. त्यात वीज होत नाही, केवळ उष्णता साठविली जाते.

हैदराबादेत एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे वीज देतो. त्याला सावलीविरहित अशी अंदाजे १०० चौरस फूट जागा लागते. पावसाळ्यात उत्पन्न घटते, हे सर्वांना पटते. मात्र कडक उन्हाळ्यात अधिक वीज मिळेल हा समज सर्वस्वी खरा नाही. पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर तापमान गेले की प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती सुमारे एक तृतीयांश टक्क्याने उतरते. म्हणूनच पॅनेलाखालून वारा खेळता असावा लागतो.

आता बिलाकडे वळू. मागील बारा महिन्यांची बिले एकत्र करून दरमहाची युनिटे एका कागदावर लिहावीत; रुपयांचा आकडा तूर्त बाजूस ठेवावा. ज्या कुटुंबांना तेलंगणाच्या ‘गृहज्योती’ योजनेखाली २०२४ पासून महिना २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य मिळते, त्यांच्या बिलात वाचविण्याजोगे काही नाही. त्यांनी कर्ज काढून पॅनेल बसविण्याची घाई करू नये.

इतरांसाठी एक नमुना घेऊ. समजा, एका घरी महिन्याला ३५० युनिटे लागतात. तेलंगणाच्या २०२२-२३ च्या दरपत्रकाप्रमाणे वापर २०० युनिटांच्या वर गेला की पहिल्या २०० युनिटांना ५ रुपये १० पैसे, पुढील १०० युनिटांना ७ रुपये ७० पैसे आणि त्यापुढील १०० युनिटांना ९ रुपये असा दर लागतो. म्हणजे स्थिर आकार व कर सोडून २,२४० रुपये झाले. वापर १०० ते २०० युनिटांच्या दरम्यान असेल तर दर बराच उतरतो: पहिल्या १०० युनिटांस ३ रुपये ४० पैसे व पुढील युनिटांस ४ रुपये ८० पैसे.

या घरी एक किलोवॅटचा संच बसविला व निव्वळ वापरावर आकारणी झाली, तर २३० युनिटे उरतील आणि बिल १,२५१ रुपयांवर येईल. बचत ९८९ रुपये. दुसरा किलोवॅट बसविला की ११० युनिटे उरतील व बिल ३८८ रुपये होईल. त्या दुसऱ्या किलोवॅटने ८६३ रुपये वाचविले. तिसरा किलोवॅट उरलेले ३८८ रुपये वाचवील, त्याहून जास्त नाही. बिल शून्य होईल हे खरे, परंतु तिसऱ्या किलोवॅटची कमाई पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी झाली.

याच्या जोडीला खर्च मांडू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त केंद्र सरकार घरगुती ग्राहकास पहिल्या दोन किलोवॅटांकरिता प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्याकरिता १८,००० रुपये, असे अधिकात अधिक ७८,००० रुपये अनुदान देते. बाजारात किलोवॅटमागे ६०,००० रुपये पडले असे धरले, तर दोन किलोवॅटांस पदरचे ६०,००० रुपये लागतील. वर्षाची बचत २२,२२४ रुपये. म्हणजे पावणेतीन वर्षांत पैसे फिटतील. तिसऱ्या किलोवॅटचे पदरचे ४२,००० रुपये फिटण्यास मात्र नऊ वर्षे लागतील. घरात नवा वातानुकूल यंत्राचा वापर किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल, तर तोही घ्यावा. केवळ शून्याच्या हौसेखातर घेऊ नये. वाचकांनी आपल्या ताज्या बिलावरील दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

यानंतर गच्ची पाहावी. दिलसुखनगर, चैतन्यपुरी, सरूरनगर या भागांत घरे खेटून उभी आहेत आणि प्रत्येक गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पॅनेलातील घट एकापुढे एक असे साखळीने जोडलेले असतात. हात धरून चाललेल्या मुलांच्या रांगेत एकाचा पाय मंद पडला की सारी रांग मंदावते. त्याप्रमाणे थोड्या घटांवर पडलेली सावली त्या जोडणीतील इतर घटांचेही काम अडविते. विक्रेता मे महिन्यात येऊन “सावली कोठेच नाही” असे म्हणेल, तर ते त्या दिवसापुरते खरे असेल; कारण त्या महिन्यात सूर्य येथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो. तेव्हा दहा फूट उंच टाकीची सावली भर दुपारी सुमारे नऊ फूट आणि सकाळी नऊच्या सुमारास सतरा-अठरा फूट पडते. तेव्हा जागा डिसेंबरची सावली ध्यानात घेऊन ठरवावी. पॅनेलांचे तोंड दक्षिणेस व उतार सुमारे सतरा अंशांचा असावा. सांगाडा उंच घेतल्यास खाली वावरावयास जागा राहते. मात्र पावसाळ्यापूर्वीच्या वादळी वाऱ्यास तो टिकेल अशी त्याची बांधणी हवी, व भूयोजन आणि वीजरोधक यांत काटकसर नको.

एक गैरसमज विशेष घातक आहे. वाहिनीची वीज गेली तरी आपल्या घरी दिवे राहतील, अशा आशेने पुष्कळजण पॅनेल घेतात. बॅटरी नसलेला, वाहिनीशी जोडलेला संच अशा वेळी भर उन्हातही आपोआप बंद पडतो. हा दोष नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरील विजेचा धक्का बसू नये म्हणून ती योजना आहे. असा संच दिवसाची वरकड वीज दुहेरी मीटरातून वाहिनीत सोडतो व रात्री तितकी परत घेतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असल्यास बॅटरीचा संच घ्यावा लागतो. तो महाग पडतो आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते.

कागदपत्रांचा क्रम सोपा आहे. योजनेच्या संकेतस्थळावर आपला वीजग्राहक क्रमांक घालून नोंदणी करावी. आपल्या भागासाठी वितरण कंपनी म्हणजे तेलंगणाची दक्षिण विभागीय वीज वितरण कंपनी होय. नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी निदान तिघांकडून लेखी दर मागवावेत. त्यांत पॅनेल व इन्व्हर्टर यांची बनावट, प्रत्येकाची हमी आणि दुरुस्तीची जबाबदारी स्वतंत्र लिहून घ्यावी. पॅनेले भारतीय बनावटीची असणे ही अनुदानाची अट आहे. संच बसल्यावर तपासणी होते, मीटर बदलतो आणि त्यानंतर अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. याचा अर्थ असा की, पूर्ण रकमेची तजवीज आधी करावी लागते. बँका यासाठी विनातारण कर्ज देतात. पण हप्ता महिन्याच्या बचतीपेक्षा मोठा होणार नाही, हे पाहून मुदत ठरवावी.

सदनिकेत राहणाऱ्यांची गच्ची सामाईक असते. एकाने परस्पर पॅनेले बसविली की तंटा ठरलेला. त्यापेक्षा सोसायटीने सभेत ठराव करून लिफ्ट, पंप व जिन्यातील दिवे यांकरिता संच घ्यावा. त्यास किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ साली महाराष्ट्रातील पहिले सौरग्राम ठरली. एक वाडी जे एकोप्याने करू शकली, ते चार मजल्यांच्या इमारतीस कठीण का वाटावे?

दुकानदार व शिकवणीवर्ग चालविणारे यांना हे अनुदान नाही. परंतु त्यांचा दर घरगुती दरापेक्षा चढा असून वापर बहुतेक दिवसाचा, म्हणून हिशेब त्यांनाही जुळू शकतो. जागा भाड्याची असल्यास गच्ची मालकाची असते. भाडेकरार किती वर्षांचा, हे पाहूनच पैसा घालावा.

पॅनेलांच्या उत्पन्नाची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. मधूनमधून सकाळच्या थंड वेळी मऊ फडक्याने धूळ पुसली की निगा झाली. आपल्या समाजातील ज्या मुलांनी शाळेत दरमहा, दरशेकडा शिकून घेतले आहे, त्यांनाच हा वरील हिशेब करावयास सांगावा, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. बारा बिले त्यांच्यापुढे ठेवावीत आणि डिसेंबरच्या एका रविवारी त्यांना खडू देऊन टाकीची सावली गच्चीवर आखावयास लावावी. मग विक्रेत्यास बोलवावे.