जीव जडल्याचे शब्द

लखनौच्या चारबाग स्थानकावर उतरणाऱ्या मराठी प्रवाशाला त्या नावाचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. चार भागांत आखलेले उपवन ते चारबाग, ही फारसी उद्यानपद्धती. त्यातला 'चार' आणि आपला 'चार' मुळात भाऊबंदच. 'बाग' मात्र उसनी. लखनौकर त्या शब्दास पुल्लिंगी मानतात, आपण त्याला बहुधा स्त्रीलिंगी करून घेतले.

उसना शब्द नव्या घरी असा पालटतो. प्रेमाच्या शब्दांत हे विशेष दिसते. इंग्रजांनी फ्रेंचांकडून 'एप्री' हा शब्द 'अनुरक्त' या अर्थी घेतला. ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा जुन्या फ्रेंचमधील अर्थ 'पेटविणे'. इंग्रजीत तो पाहुणाच राहिला. बाजारात, स्वयंपाकघरात तो कोणी उच्चारीत नाही.

आपल्या 'इष्का'चे दैव निराळे. मूळ शब्द अरबी, आला फारसीच्या वाटेने. झाडाला वेढून त्याला सुकविणाऱ्या वेलीशी जुने अरबी कोशकार त्याचे नाते जोडतात. उर्दूत त्याचा मान मोठा. मीर तकी मीर १७८२ साली दिल्लीहून लखनौस आले आणि १८१० मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या एका मसनवीचे नाव 'शोला-ए-इश्क', म्हणजे प्रेमाची ज्वाला. सूफींनी तर ईश्वरभक्तीलाही हाच शब्द योजला.

मराठीत मात्र उत्तर पेशवाईतल्या लावणीत तो रुळला. 'श'चा 'ष' झाला, 'आशिक'चा 'आशक' झाला, आणि प्रतिष्ठा वाटेतच गळाली. 'इष्कबाजी' हा शब्द वडीलधाऱ्यांसमोर कोण काढील? मला वाटते, भक्तीसाठी 'प्रेम' आणि 'आवडी' हे शब्द संतांनी आधीच घरोघर पोचविले होते. या नवागतासाठी शृंगाराचीच जागा मोकळी होती.

मग असे शब्द ठेवावेत की काढावेत? कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, १९३३ मध्ये 'गज्जलांजलि'. आणि त्यांनीच १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांविरुद्ध बाजू मांडली! त्यांचा अधिकार मोठा, तरी येथे मन कचरते. शिवकाळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. दरबाराचे काम अडले नाही. पण 'फिदा'च्या जागी काय घालावे? एखाद्याच्या सुटकेसाठी द्यावयाचे मोल, हा त्याचा मूळ अर्थ. 'मोहित' म्हटले की ते मोल हरवते.

'एप्री'साठी मात्र मी परक्या दारी जाणार नाही. 'अनुरक्त'च्या मुळाशी रंग आहे, पण तो शब्द पोथीतला. 'जीव जडला' हा घरातला. कोंदणात खडा बसावा तसा त्यात जीव बसतो, मग हलत नाही. लखनौकर अशा वेळी 'दिल आ गया' म्हणतो. त्याच्याकडे मन आपण होऊन चालत येते!